मे दिन

आंतरराष्ट्रीय कामगार दिन. दर वर्षी १ मे रोजी जगातील बहुसंख्य देशांत तो पाळला जातो. कामाचा दिवस आठ तासांचा असावा, या मागणीसाठी अमेरिकेत १८८६ साली झालेल्या संपातून आणि पॅरिस येथे १८८९ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेच्या ठरावातून त्याचा उगम झाला. तत्पूर्वी अनेक शतके हीच तारीख यूरोपात वसंतोत्सवाची म्हणून प्रसिद्ध होती. हे दोन्ही अर्थ काही देशांत आजही एकमेकांत मिसळलेले आढळतात. मे दिनाचा इतिहास पाहताना एक भेद मात्र ध्यानात ठेवावा लागतो. आरंभी हा दिवस सुट्टीचा नव्हता. मालकाची अनुमती न घेता काम थांबविण्याचा होता. पुढे बहुतेक शासनांनी त्याला सुट्टी म्हणून मान्यता दिली. कामगारांनी घेतलेला दिवस आणि शासनाने दिलेला दिवस यांतील हा फरक निरनिराळ्या देशांतील मे दिनाच्या स्वरूपात उमटलेला दिसतो.

वसंतोत्सवाची परंपरा बरीच जुनी आहे. प्राचीन रोममध्ये एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या प्रारंभापर्यंत फ्लोरा या पुष्पदेवतेचा उत्सव चाले. (मुंबईच्या फ्लोरा फाउंटनवरील पुतळा याच देवतेचा होय.) आयर्लंड, स्कॉटलंड इ. केल्टिक प्रदेशांत याच सुमारास बेल्टेन हा सण शेकोट्या पेटवून साजरा होई. उत्तर यूरोपातील दीर्घ हिवाळा संपून झाडांना पालवी फुटण्याचा आणि गुरे बाहेर चरावयास सोडण्याचा हा काळ असल्याने त्याचे महत्त्व शेतकरी समाजात विशेष होते. जर्मनी, स्वीडन, फिनलंड इ. देशांत ३० एप्रिलची रात्र संत वाल्पुर्गिसच्या नावाने ओळखली जाते. इंग्लंडमध्ये गावाच्या मोकळ्या जागेत उंच खांब उभारून व तो फुलापानांनी सजवून त्याभोवती नाच करीत. ही चाल प्यूरिटनांना पाखंडी वाटली आणि १६४४ मध्ये पार्लमेंटने असे खांब उतरविण्याचा आदेश दिला. राजेशाहीच्या पुनःस्थापनेनंतर, १६६१ मध्ये लंडनच्या स्ट्रँड भागात सु. ४० मी. उंचीचा खांब पुन्हा उभारण्यात आला. सत्ता बदलली की मे महिन्याचा पहिला दिवसही बदलतो, हा अनुभव अशा रीतीने कामगार चळवळीहून जुना आहे.

आठ तासांची मागणी ऑस्ट्रेलियात लवकर यशस्वी झाली. मेलबर्नच्या पाथरवटांनी २१ एप्रिल १८५६ रोजी काम थांबवून मोर्चा काढला आणि वेतनात घट न होता आठ तासांचा दिवस मिळविला. आठ तास काम, आठ तास विरंगुळा व आठ तास विश्रांती ही रॉबर्ट ओएनशी निगडित घोषणा त्यांनी उचलली होती. मेलबर्नमधील त्यांच्या स्मारकावर आठचा आकडा तीनदा आहे. मात्र हे यश काही कुशल धंद्यांपुरतेच होते. ऑस्ट्रेलियातील बहुतेक राज्यांत कामगार दिन मे दिनापासून वेगळा राहिला, त्याचे एक कारण म्हणजे त्यांच्याकडे स्वतःचा जुना वर्धापनदिन अगोदरच होता. क्वीन्सलँडमध्ये मात्र १८९१ च्या मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या कामगारांच्या संपापासून मे महिन्याशी नाते जुळले. तेथील सरकारने २०१३ पासून ही सुट्टी ऑक्टोबरात ढकलली. पुढील सरकारने ती २०१६ पासून पुन्हा मेच्या पहिल्या सोमवारी आणली.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील संघटित धंद्यांच्या महासंघाने १८८४ मध्ये असा ठराव केला, की १ मे १८८६ पासून आठ तास हाच कामाचा कायदेशीर दिवस मानावा. घरभाड्याचे व कामाचे करार नव्याने करण्याची काही ठिकाणची ती रूढ तारीख होती. ठरल्या दिवशी देशभरात सु. ३ लक्ष कामगारांनी काम थांबविले, असा अंदाज आहे. शिकागो हे या चळवळीचे प्रमुख केंद्र होते. तेथील मॅकॉर्मिक या कापणीयंत्रांच्या कारखान्याबाहेर ३ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. त्याच्या निषेधार्थ दुसऱ्या दिवशी हेमार्केट चौकात सभा भरली. सभा पांगत असताना पोलिसांवर बाँब पडला व त्यानंतर झालेल्या गोळीबारात पोलीस आणि नागरिक दोन्ही मृत्युमुखी पडले. बाँब टाकणारा इसम कधीच सापडला नाही. तथापि आठ अराज्यवादी पुढाऱ्यांवर खटला भरण्यात येऊन सातांना फाशीची शिक्षा झाली. ऑगस्ट स्पाइस, ॲल्बर्ट पार्सन्झ, आडोल्फ फिशर व जॉर्ज एंगेल यांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फाशी देण्यात आले. लुई लिंग याने आदल्या दिवशी तुरुंगात आत्महत्या केली. उरलेल्या तिघांना इलिनॉयचे गव्हर्नर जॉन पीटर ऑल्टगेल्ड यांनी १८९३ मध्ये माफी दिली आणि खटला न्याय्य रीतीने चालला नव्हता, असे आपल्या निवेदनात सविस्तर नमूद केले. या धैर्याची राजकीय किंमत त्यांना मोजावी लागली.

पुढे १८८८ मध्ये अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या संघटनेने १ मे १८९० पासून पुन्हा आठ तासांचा लढा सुरू करण्याचे ठरविले. जुलै १८८९ मध्ये पॅरिसला भरलेल्या परिषदेपुढे फ्रेंच प्रतिनिधी रेमों लाव्हीन्य यांनी सर्व देशांत एकाच दिवशी निदर्शने करावीत, अशी सूचना मांडली. अमेरिकेची तारीख आधीच ठरलेली असल्याने तीच स्वीकारण्यात आली. ठराव एका वर्षापुरताच होता आणि प्रत्येक देशाने आपल्या परिस्थितीनुसार निदर्शनांचे स्वरूप ठरवावे, अशी मोकळीक त्यात होती. ब्रूसेल्सच्या १८९१ मधील परिषदेने हा दिवस दर वर्षी पाळावयाचे ठरविले.

या मोकळिकीतूनच पहिला मोठा वाद उद्भवला. १ मे १८९० रोजी गुरुवार होता. त्या दिवशी काम सोडून रस्त्यावर यावे, की नजीकच्या रविवारी मिरवणूक काढून नोकरी सांभाळावी, हा प्रश्न होता. लंडनच्या कामगारांनी रविवार दि. ४ मे निवडला. त्या दिवशी हाइड पार्कमध्ये झालेल्या विराट सभेने एंगेल्ससारखा वृद्ध निरीक्षकही भारावून गेला. हँबर्गमध्ये मात्र १ मे रोजीच काम सोडणाऱ्या कामगारांना मालकांच्या प्रदीर्घ टाळेबंदीस तोंड द्यावे लागले. व्हिएन्नात प्राटर या उद्यानात १ मे रोजी उमरावांच्या सजविलेल्या घोडागाड्यांची फेरी निघण्याचा प्रघात होता. १८९० मध्ये त्याच उद्यानाकडे कामगार चार-चारांच्या शिस्तबद्ध रांगांनी चालत गेले. वसंताच्या जुन्या सणाची जागा व तारीख दोन्ही त्यांनी आपलीशी केली. प्राग येथील सभेवर यान नेरूदा या चेक साहित्यिकाने लिहिलेला लेख प्रसिद्ध आहे. वरवर किरकोळ वाटणारा हा तारखेचा वाद वस्तुतः मूलभूत होता. रविवार हा कामगारांच्या आधीच हातात असलेला दिवस. त्या दिवशी मिरवणूक काढण्याने मालकाचे काही बिघडत नसे.

याच काळात मुंबईत नेमका रविवार हाच मागणीचा विषय होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. सत्यशोधक चळवळीतील कार्यकर्ते व दीनबंधु पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–९७) यांच्या पुढाकाराने २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सु. १०,००० गिरणी कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. साप्ताहिक सुट्टीची मागणी करणारा अर्ज मालकांच्या संघाकडे गेला आणि १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. यूरोपातील पहिला मे दिन या सभेनंतर आठवड्याच्या आत साजरा झाला. पॅरिसच्या ठरावाशी मुंबईच्या सभेचा संबंध जोडता येत नाही. दोहोंत केवळ कालसामीप्य आहे. परंतु हँबर्गच्या कामगाराला जो रविवार अपुरा वाटत होता, तो परळच्या कामगाराला अद्याप मिळावयाचा होता, हे या योगायोगावरून स्पष्ट होते.

फ्रान्समध्ये मे दिनावर रक्ताचा डाग लवकरच पडला. उत्तरेकडील फूर्मी या कापडगिरण्यांच्या गावी १ मे १८९१ रोजी सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या. त्यात ९ जण ठार झाले; त्यांत तरुण मुली व लहान मुले होती. प्रारंभीच्या मिरवणुकांत फ्रेंच कामगार तांबडा त्रिकोण छातीवर लावीत. त्याच्या तीन बाजू दिवसाचे तीन समान भाग दर्शवीत. नंतर त्याची जागा रानगुलाबाच्या तांबड्या फुलाने घेतली. आठ तासांचा कायदा फ्रान्समध्ये एप्रिल १९१९ मध्ये, म्हणजे मे दिनाच्या तोंडावर संमत झाला. दुसऱ्या महायुद्धात मार्शल पेतँच्या व्हिशी शासनाने १९४१ मध्ये १ मे हा ‘श्रम व सामाजिक सलोखा’ यांचा सण म्हणून जाहीर केला. कामगार संघटनांवर निर्बंध असताना आणि संप निषिद्ध असताना ही सुट्टी देण्यात आली. तांबड्या फुलाऐवजी म्यूगे हे सुगंधी पांढरे फूल याच काळात रूढ झाले. युद्धानंतर १९४७ च्या कायद्याने ही पगारी सुट्टी झाली. पण म्यूगे टिकून राहिले. आजही त्या दिवशी फ्रान्सच्या रस्त्यांवर कोणीही नागरिक, लहान मुलेसुद्धा, म्यूगेच्या जुड्या विकताना दिसतात आणि लोक त्या आप्तेष्टांना शुभचिंतन म्हणून देतात. त्याच रस्त्यांवरून दुपारी कामगार संघटनांचे मोर्चे निघतात. मोर्चेकऱ्यांच्या कोटावरही बहुधा तेच पांढरे फूल असते.

दिवस देऊन चळवळ काढून घेण्याचे सर्वांत उघड उदाहरण जर्मनीचे आहे. वायमार प्रजासत्ताकात १ मे ही केवळ १९१९ मध्ये राष्ट्रीय सुट्टी होती. बर्लिनमध्ये १९२९ साली बंदी झुगारून निघालेल्या साम्यवादी मोर्चांवरील पोलिसी कारवाईत ३० हून अधिक लोक मारले गेले. जर्मन कामगारांनी चार दशके मागितलेली कायमची सुट्टी अखेर हिटलरने दिली. १० एप्रिल १९३३ च्या कायद्याने १ मे हा ‘राष्ट्रीय श्रमाचा दिन’ ठरला. टेंपेलहोफच्या मैदानावर प्रचंड मेळावा झाला व काही कामगार संघांनी आपल्या सभासदांना त्यात भाग घेण्याचे आवाहनही केले. दुसऱ्याच दिवशी, २ मे रोजी, देशभरातील कामगार संघांची कार्यालये ताब्यात घेण्यात आली, पुढाऱ्यांना अटक झाली आणि संघांची मालमत्ता जप्त करण्यात आली. इटलीत मुसोलिनीने याहून सोपा मार्ग पत्करला होता. त्याने १९२३ मध्ये १ मे रद्द करून कामगार दिन रोम नगरीच्या पारंपरिक स्थापनादिनी, म्हणजे २१ एप्रिल रोजी नेला. स्पेनमध्ये फ्रँकोने तो आपल्या बंडाच्या वर्धापनदिनास, १८ जुलै रोजी जोडला. पोर्तुगालमध्ये हुकूमशाही कोसळल्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी आलेला १ मे १९७४ हा लिस्बनमधील आजवरच्या सर्वांत मोठ्या जनसमुदायांपैकी एकाने साजरा केला.

इटलीत १९४५ मध्ये मे दिन परतला. तथापि १९४७ साली सिसिलीतील पोर्तेल्ला देल्ला जिनेस्त्रा या खिंडीत सणासाठी जमलेल्या शेतकरी-कामगारांवर साल्व्हातोरे जुल्यानो या दरोडेखोराच्या टोळीने गोळीबार केला आणि ११ जण मारले गेले. आज रोमचे रहिवासी त्या दिवशी शहराबाहेर वनभोजनास जातात. कोवळ्या हिरव्या शेंगांचे दाणे व मेंढीच्या दुधाचे चीज हा त्या भोजनातील ठरलेला पदार्थ. सायंकाळी कामगार संघांच्या वतीने सान जोव्हान्नी चौकात मोठा संगीताचा कार्यक्रम होतो. ही प्रथा १९९० पासूनची आहे. कॅथलिक चर्चनेही या दिवसाची दखल घेतली. पोप बारावे पायस यांनी १९५५ मध्ये १ मे हा ‘श्रमिक संत जोसेफ’ यांचा सण म्हणून घोषित केला.

झारशाही रशियात उघड सभा अशक्य असल्याने कामगार सहलीच्या निमित्ताने शहराबाहेरील रानात जमत. अशा गुप्त मेळाव्यांना ‘मायोव्का’ म्हणत. क्रांतीनंतर १९१८ पासून हा शासकीय सण झाला. मॉस्कोच्या तांबड्या चौकातील संचलने, पुढाऱ्यांची भव्य चित्रे आणि पक्षाने आधीच छापून दिलेल्या घोषणा हे त्याचे स्वरूप कित्येक दशके कायम राहिले. मे दिनाचे लष्करी संचलन १९६८ नंतर बंद झाले. मिरवणुकीत जाणे बहुतेकांच्या दृष्टीने कर्तव्याचा भाग होता, पण त्यानंतरचे दोन दिवसांचे सुट्टीचे वातावरण खरोखरीच आनंदाचे असे. १९९० च्या मिरवणुकीत विरोधी घोषणा सुरू झाल्यावर गोर्बाचॉव्ह व त्यांचे सहकारी व्यासपीठ सोडून गेले. पुढे १९९२ मध्ये दिवसाचे नाव ‘वसंत व श्रम यांचा सण’ असे करण्यात आले. आता अनेक कुटुंबे तो गावाबाहेरील बागेत बटाटे लावण्यात घालवितात. अर्थात हेही श्रमच होत. चेक लोकांतही असेच स्थित्यंतर झाले. शासकीय मिरवणुका गेल्या. पण प्रागच्या पेत्रशीन टेकडीवर कारेल हिनेक माखा (१८१०–३६) या कवीच्या पुतळ्याजवळ फुले वाहण्याची आणि बहरलेल्या झाडाखाली प्रियजनांचे चुंबन घेण्याची रीत तशीच राहिली.

वसंत आणि श्रम शेजारी शेजारी नांदताना पाहावयाचे असतील, तर फिनलंडसारखा देश नाही. तेथे ‘वाप्पू’ या नावाने हा सण ३० एप्रिलच्या सायंकाळी सुरू होतो. हेलसिंकीत विद्यार्थी हाविस आमांदा या पुतळ्याच्या मस्तकावर पांढरी टोपी चढवितात आणि माध्यमिक शाळेची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झालेले सर्व वयांचे लोक स्वतःची तशीच टोपी घालून बाहेर पडतात. लिंबू व साखर आंबवून केलेले ‘सिमा’ हे पेय आणि तळलेले गोड पदार्थ घरोघर असतात. दुसऱ्या दिवशी एकीकडे उद्यानात सहभोजन, तर दुसरीकडे तांबड्या निशाणांची मिरवणूक असते. पांढरी टोपी एके काळी सुशिक्षित वर्गाची खूण होती आणि १९१८ च्या यादवी युद्धात हे दोन समूह शत्रू म्हणून उभे होते, हे ठाऊक असल्यास आजच्या शेजाराचे मोल कळते.

ज्या देशात या दिवसाचा जन्म झाला, त्या अमेरिकेत तो पाळला जात नाही, ही विसंगती सर्वश्रुत आहे. तेथील कामगार दिन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असतो. न्यूयॉर्कच्या कामगारांनी १८८२ मध्ये सुरू केलेल्या या दिवसास पुलमन रेल्वे संप पेटलेला असताना, १८९४ मध्ये, संघीय मान्यता मिळाली. शीतयुद्धाच्या काळात १ मे हा कायद्याने ‘निष्ठा दिन’ म्हणून घोषित झाला. पुढे १ मे २००६ रोजी लक्षावधी स्थलांतरित कामगारांनी काम सोडून शिकागो, लॉस अँजेल्स इ. शहरांतून मोर्चे काढले, तेव्हा या तारखेचा मूळ अर्थ तेथे पुन्हा प्रकट झाला. त्यांत बहुसंख्य लोक मेक्सिको व इतर लॅटिन अमेरिकी देशांतून आलेले होते, जेथे हेमार्केटच्या हुतात्म्यांचे स्मरण खंडित झालेले नव्हते.

तुर्कस्तानात १९७७ साली इस्तंबूलच्या ताक्सिम चौकातील सभेत झालेल्या गोळीबारात व चेंगराचेंगरीत किमान ३४ लोक मरण पावले. लष्करी राजवटीने रद्द केलेली सुट्टी २००९ मध्ये पुन्हा मिळाली, परंतु तो चौक मिळावा की नाही हा तंटा चालूच राहिला. दक्षिण आफ्रिकेत १९८६ मध्ये सु. १५ लक्ष कामगारांनी १ मे रोजी घरी राहून हा दिवस प्रथम घेतला; कायद्याची मान्यता वर्णविद्वेषी राजवट संपल्यानंतर आली. जपानमध्ये १९२० पासून मे दिनाच्या सभा होतात, पण तो राष्ट्रीय सुट्टीचा दिवस नाही. चीनमध्ये १९९९ पासून या सुट्टीला जोडून सात दिवसांचा ‘सुवर्ण सप्ताह’ सुरू करण्यात आला. लोकांनी प्रवास व खरेदी करावी, हा त्याचा हेतू होता. २००८ मध्ये तो आखडता घेण्यात आला, तरी आजही मे दिन म्हणजे आगगाड्यांतील गर्दी, असेच चिनी नागरिकाच्या मनात येते. ब्रिटनने १९७८ पासून मेचा पहिला सोमवार सुट्टीचा ठरविला. म्हणजे १८९० मधील तडजोड ब्रिटिशांनी शतकभराने कायद्यात आणली, असे म्हणता येईल.

भारतात पहिला मे दिन मद्रास येथे १ मे १९२३ रोजी म. सिंगारवेलू (१८६०–१९४६) यांनी साजरा केला. समुद्रकिनाऱ्यावर दोन ठिकाणी सभा झाल्या, तांबडे निशाण फडकविण्यात आले आणि या दिवशी सुट्टी असावी, अशी मागणी करण्यात आली. देवीप्रसाद रायचौधुरी यांचे श्रमिकांचे भव्य शिल्प १९५९ पासून तेथील मरीना किनाऱ्यावर उभे आहे. भारतीय हवामानात १ मे हा वसंत नव्हे, वैशाखातील ऐन उन्हाळा. त्यामुळे येथे या दिवसाला फुलांची वा वनविहाराची जोड मिळाली नाही. तो प्रथमपासून सभा आणि निशाण यांचाच राहिला. आठ तासांची मागणीही येथे उशिरा फळास आली. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या १९१९ च्या पहिल्याच संकेताने आठवड्याचे ४८ तास ठरविले, परंतु ब्रिटिश हिंदुस्थानासाठी त्यात ६० तासांचा अपवाद करण्यात आला. १९२२ च्या कारखाना कायद्यात तेच ६० तास आले. १९३४ मध्ये ते ५४ झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४६ च्या दुरुस्तीने ४८ तासांची मर्यादा आली आणि १९४८ च्या अधिनियमात ती कायम झाली. ही मर्यादा कारखान्यांपुरती होती. शेतमजूर, घरकामगार, बिगारी यांना ती लागू नव्हती. रोजंदारीवरील माणसाला मे दिनाची सुट्टी म्हणजे बहुधा एका दिवसाच्या मजुरीची तूटच असते.

महाराष्ट्रात या तारखेला दुसरे महत्त्व १९६० मध्ये आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईच्या गिरणी कामगारांचा वाटा मोठा होता आणि १०६ हुतात्म्यांत श्रमजीवी कुटुंबांतील अनेकांचा समावेश आहे. फ्लोरा फाउंटनजवळील हुतात्मा स्मारकावर मशाल धरलेले शेतकरी व कामगार कोरलेले आहेत, ते यामुळेच. तथापि राज्याचा स्थापनादिन व कामगार दिन एकाच तारखेस आल्याने शासकीय समारंभात पहिल्यालाच प्राधान्य मिळत गेले. दादरच्या शिवाजी उद्यानात संचलन होते, हुतात्मा चौकात पुष्पचक्रे वाहिली जातात. लाल बावट्याच्या मिरवणुका वेगळ्या निघतात. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरण्या एकेक करून बंद होत गेल्या आणि लालबाग-परळमधून निघणाऱ्या या मिरवणुकाही लहान होत गेल्या. बँका, विमा, बंदर व सरकारी सेवा यांतील कामगारांबरोबर आता अंगणवाडी सेविका, कंत्राटी सफाई कामगार आणि घरकाम करणाऱ्या स्त्रियांच्या संघटनाही त्यांत दिसतात. निश्चित कामाचे तास, वेतन आणि साप्ताहिक सुट्टी या त्यांच्या मागण्या आहेत.